फुंकणी आणि नरसाळं

चूल धुमसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि फुंकणी जागेवर नव्हती.

"अवं, माझी फुंकणी कुठाय?"

मी पदराने डोळे पुसत बाहेर आले. आमचे हे रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर उकिडवे बसले होते. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याला माझी फुंकणी. तिचं तोंड यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीकडे.

"गिरजे, ह्यातनं एकच डबा दिसतोय बघ. निस्ता एकच. पन काय झ्याक दिसतोय."

"भात कच्चा ऱ्हाईला की त्यो बी झ्याक दिसंल."

"थांब की वाईच. आता नरसाळं आन."

"कसलं नरसाळं?"

"राकेलचं. त्यातनं बघू दे. अख्खी गाडी मावती का ते."

मी फुंकणी हिसकावून घेतली आणि आत गेले. थोड्या वेळाने नरसाळं त्यांनी स्वतःच शोधून काढलं. त्या रात्री त्यांच्या डोळ्याभोवती रॉकेलचा वास येत होता आणि डोळा लाल झाला होता. तरी जेवताना तेच. फुंकणी बरी की नरसाळं बरं.

ह्यांचं नाव झिलू. कॅसलरॉकच्या स्टेशनात पॉइंट्समन होते. गाडी यायच्या वेळी रूळ बदलतात त्या सांध्यापाशी जाऊन उभं राहायचं, सांधा नीट लागला की नाही बघायचं, हिरवा झेंडा धरायचा. गाडी गेली की झेंडा गुंडाळून परत. मी लग्न होऊन गुंदहून आले तेव्हा स्टेशनातली कस्टमची शेड ओस पडली होती, पण गोवा पोर्तुगीजांकडे असताना तिकडून येणाऱ्यांच्या ट्रंका तिथे कशा उपसायचे त्याच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. त्या वेळेपासून ह्यांच्या हातात झेंडा. माणूस साधा, निर्व्यसनी म्हणावा तर तंबाखू सोडून. दुकानात शर्टाचं कापड घ्यायला गेले तर दोन गठ्ठ्यांच्या मध्ये उभे राहायचे आणि शेवटी मी बोट दाखवेन ते घेऊन यायचे. असा माणूस कॅमेरा घ्यायला निघाला.

झालं असं, की मीटरगेज बंद होणार अशी बातमी आली. रूळ उखडणार, मोठे रूळ घालणार, घाटातली गाडी तोवर बंद. स्टेशनात सगळ्यांना आपापली चिंता लागली. माझा भाऊ वासू फलाटावर चहाचा गाडा लावायचा, त्याला गाड्याची. आम्हाला क्वार्टरची. ह्यांना एकच लागून राहिलं, शेवटची गाडी एका फोटोत अख्खी घ्यायची. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत.

"स्टेशनात उभ्या गाडीकडं बघा की डोळं भरून," मी म्हणायची.

"उभी गाडी काय बघायची. चालती गाडी सांध्यावरच्या मानसाला कधी अख्खी दिसत न्हाई गिरजे. अंगावर इंजिन येतं, मग डबं धडाधडा जात्यात. शेपूट दिसंस्तोवर तोंड झाडीत गेलेलं असतं. एवढ्या गाड्या लावून दिल्या. एक तरी अख्खी बघावी."

"मानसांचं फोटू काढा म्हनते मी. आपला एक तरी हाय का घरात?"

"आपुन कुठं चाललोय? चालली ती गाडी."

मी चुलीकडे वळले.

कॅमेऱ्यावरच एक वर्ष गेलं. वास्कोहून बोटीवरच्या माणसांचे जपानी कॅमेरे गार्डांच्या ओळखीने मिळायचे. एक पुढची काच, म्हणजे लेन्स, बदलता येणारा, एक न येणारा. आज हा, उद्या तो. शेवटी गार्डानेच कंटाळून बदलता येणारा आणून ह्यांच्या मांडीवर ठेवला. पण त्याच्या काचेत बुरशी धरलेली. आमच्याकडचा पाऊस लोणच्याला सोडत नाही तर काचेला काय सोडणार. मग नवी काच घ्यायची ठरली आणि माझ्या फुंकणीचे हाल सुरू झाले.

काचेचे प्रकार दोन, एवढं मलाही पाठ झालं. एक लांबुळकी, ती लांबचं जवळ आणते, पण आणते थोडंच. ती आमच्या घरात फुंकणी. दुसरी बुटकी, ती जवळून पुष्कळ घेते, पण सगळं बारीक करते. ते नरसाळं. लोंढ्याच्या स्टुडिओतला परशू म्हणायचा, मी लग्नात बुटकीच लावतो, अख्खा मांडव येतो. त्या दिवशी घरी नरसाळं. स्टेशन मास्तर धारवाडकडचे, बोलण्यात कानडी यायचं. ते म्हणायचे, "येन झिलू, जंगलात राहून बुटकी कशाला? लांबची घे, वाघ दिसला तर?" त्या दिवशी फुंकणी. जो शेवटचा बोलला त्याचं खरं.

"तुमाला वाघाचा फोटू काढायचाय का गाडीचा?" मी विचारलं.

"गाडीचाच. पन वाघ आला तर?"

मी ताट आपटलं आणि उठले.

गाडी बंद व्हायला थोडेच आठवडे राहिले. वासू दुसऱ्या दिवशी सामान आणायला बेळगावला जाणार होता. मी त्याच्या हातात पैसे दिले आणि ह्यांना म्हटलं, आज काय ते बोला, नाहीतर ह्या पैशांची मी पितळी भांडी घेते. त्या रात्री फुंकणी ठरली. सकाळी वासू गाडीत बसला, गाडी हलली, आणि ह्यांना परशूचा मांडव आठवला. फलाटावरून पळत सुटले. टोपी पडली. लोक बघायला लागले. घरात वर्षभर नरसाळं नरसाळं म्हणणारा माणूस, पण चार लोकांदेखत नरसाळं कसं म्हणायचं? बुटक्या काचेला परशू म्हणायचा तो शब्द काढला.

"वासू! लांबची नको! वाईड घे, वाईड!"

इंजिनाची शिट्टी वाजत होती. वासू दारात लोंबकळत होता. त्याने कानाला हात लावला.

"काय? वाईट?"

"व्हय! वाईड!"

"वाईट कशाला घ्येतोय, दाजी? काळजी करू नगा!"

हे टोपी झटकत, हसत परत आले. "ठरलं बाई एकदाचं," म्हणाले. मलाही हायसं वाटलं. फुंकणी चुलीपाशी ठेवली ती कुणी हलवली नाही.

वासू परत आला. आम्ही सगळे भोवती बसलो. त्याने खोक्यातून काच काढली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी लांब.

"ही तर फुंकणी," मी म्हटलं.

ह्यांच्या तोंडचा रंगच गेला. "वासू, मी काय सांगितलं हुतं?"

"वाईट नको म्हनला. शिट्टीत नीट ऐकू न्हाई आलं. पन नको आलं आनि वाईट आलं. वाईट घे असं कोन सांगंल का दाजी? म्यां दुकानात पयलं त्येच इचारलं, ह्यात वाईट कंचं? दुकानदारानं एक बुटकी म्होरं केली. म्हनलं, मग ती ऱ्हाऊ द्या, दुसरी काडा. त्यो म्हनला, पक्कं का? म्हनलं, पक्कं म्हंजे? आमचं दाजी फलाटावर पळत आल्यात वाईट नको म्हनून सांगाय."

मला हसू आवरेना. वासू माझ्याकडे बघत राहिला, मग ह्यांच्याकडे. हे उठून बाहेर गेले आणि पायरीवर बसले. भाकरी तशीच राहिली.

वासू बिचारा ती काच बदलून आणायला परत बेळगावला गेला. तोवर ती बुटकी कुणीतरी नेली होती. "वाईटाला बी गिऱ्हाईक असतंय आक्का," तो मला म्हणाला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मग सुरू झाली धडपड. हे फलाटावरच्या पुलावर चढले, तिथून डब्याची एक खिडकी आली. यार्डाच्या टोकाला गेले, तिथून दोन खिडक्या. मागे सरत सरत एकदा गटारात पडले, कॅमेरा वर धरला म्हणून वाचला. रोल संपत आला. शेवटी सांध्याच्या समोर, ओढ्यापलीकडच्या टेकडीवर एक उघडा खडक त्यांना सापडला. तिथून वळणावरची गाडी बरीचशी येईल, असं त्यांनी दोनदा जाऊन ठरवलं. त्या दिवशी आपली ड्यूटी दुसऱ्या पॉइंट्समनला, म्हादूला द्यायची आणि आपण खडकावर बसायचं.

आदल्या दिवशी मास्तरांनी बोलावलं. हे घरी परतले तेव्हा टोपी हातात होती.

"मास्तर म्हंत्यात, शेवटच्या गाडीला झेंडा झिलूच दावनार. म्हादू बी म्हनतोय, दादा तूच ऱ्हा."

"मग सांगायचं की, मला फोटू काढायचाय."

"असं कसं सांगायचं?" ते म्हणाले. टोपी खुंटीला अडकवून म्हणाले, "तू जाशील का खडकावर?"

मी जन्मात कॅमेरा धरला नव्हता. पण त्यांनी ज्या तोंडाने विचारलं, त्याला नाही म्हणवेना. रात्रभर शिकवणी. हे फिरवायचं न्हाई. ह्याला बोट लावायचं न्हाई. निस्तं हे दाबायचं. एकच फोटू ऱ्हायलाय. इंजिन कडंला आलं आनि शेपूट सांध्यावरनं सुटलं की दाब, आधी न्हाई. मी म्हटलं, वर्षभर तुम्हाला काच ठरवता आली नाही, आणि मी एका घटकेत गाडी ठरवायची.

दुसऱ्या दिवशी खडकावर बसले. खाली स्टेशनात माणसांची ही गर्दी, इंजिनाला माळा घातलेल्या. गाडी निघाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर नुसती पानं. सरकवला तर एक खिडकी, त्यात एक बाई केळं सोलत होती. आणखी सरकवला, एक दार, त्यात लोंबकळणारे पाय. इंजिन शोधते तर ते पुढे गेलेलं. शेपूट शोधते तर डबेच डबे. एवढी लांबलचक गाडी आणि त्या नळीत तिचा हातभर तुकडा. मला रडू यायला लागलं. ह्या माणसाने वर्षभर माझं डोकं खाल्लं, आणि आता बोल मात्र मला लागणार.

आणि सरकवता सरकवता ते सापडले.

सांध्यापाशी ताठ उभे. इतके जवळ, की शर्टाचं दुसरं बटण दिसलं. ते मी काळ्या दोऱ्याने लावलं होतं, पांढरा संपला म्हणून. हिरवा झेंडा हात लांब करून धरलेला. ड्यूटीवरून घरी आलेला माणूस मी रोज बघितला होता, ड्यूटीवरचा कधी असा समोरून बघितला नव्हता. गाडी त्यांच्या शेजारून जात होती आणि मान तसूभर हलत नव्हती. खडकाकडे एकदाही बघितलं नाही. गार्डाचा डबा सुटला. गार्डाने झेंडा दाखवला, ह्यांनी दाखवला. मी दाबलं.

लोंढ्याहून फोटो धुऊन आला तो ह्यांनी उभ्यानेच बघितला. उलटा करून मागची बाजूही बघितली.

"गाडी कुठाय?"

"ही काय." मी कडेला बोट ठेवलं. गार्डाच्या डब्याचा मागचा कठडा आणि तांबडा दिवा आला होता.

"ही शेपटी. मला काढाय कुनी सांगितलं हुतं?"

"दुसरं काय मावतच न्हवतं."

कॅमेरा पेटीत गेला, पुढच्या पावसाळ्यात त्या काचेलाही बुरशी आली.

क्वार्टर सोडून आम्ही गुंदला, माझ्या माहेरगावी आलो. इथे गाडीचा आवाज येत नाही. फोटो मीच फ्रेम करून बाहेरच्या सोप्याच्या भिंतीला लावला, तेव्हा हे म्हणाले, लाव कुठं बी. पण कुणी पाहुणा आला की उठायचे. तंबाखूचं बोट फोटोतल्या तांबड्या दिव्यावर ठेवायचे.

"ह्यो गार्डाचा डबा." मग बोट फ्रेमच्या बाहेर, भिंतीवर. "हितनं डबं. हे मधलं, हे बायकांचं, ह्यो टपालाचा." बोट सरकत सरकत पार खिडकीपाशी. "आनि हितं इंजिन. माळा घातल्याली."

पाहुणे रिकाम्या भिंतीकडे बघून माना हलवायचे. मी आतून ओरडायची, "अवं, त्यास्नी च्या तरी पिऊ द्या." वर्षानुवर्षं हेच. चुन्याच्या भिंतीवर फोटोपासून खिडकीपर्यंत बोटाची तपकिरी रेघ उमटली. मी बडबडायची, पुसायची, पुन्हा उमटायची.

हे गेले त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. यंदा वासू चुना घेऊन आला. तोही म्हातारा झालाय, पण भिंतीला चुना त्यालाच द्यायचा असतो. त्याने फोटो हळूच काढून खाटेवर ठेवला, कुंचला बुडवला, वरून मारत मारत खाली आला आणि थांबला. रेघेकडे बघितलं. मग खिडकीपाशी जाऊन तिथे हात ठेवला.

"आक्का, इंजिन हितं हुतं न्हवं?"

"वाईच पुढं," मी म्हटलं.

त्याने हात थोडा पुढे सरकवला. मी मान हलवली. मग त्याने रेघेच्या वर चुना मारला, खाली मारला, आणि बादली उचलून दुसऱ्या भिंतीकडे गेला.