रेशीमवाल्यांचं दार

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी नुन्झियाने राजवाड्याच्या मागच्या दारासमोर सणाच्या सहलीचं जेवणाचं टेबल मांडलं, तेव्हा अख्खी आळी तिच्या पाठीशी होती. राजे गेले, त्यांची तैलचित्रं काळी पडली, पण बागेचं हे दार रेशीम विणणाऱ्यांच्या आळीला कायम उघडं राहिलं. आता राजवाड्याचे नवे सरकारी साहेब म्हणत होते, दार बंद. पुढून या, तिकीट काढा. राजालाही कधी सुचलं नाही ते या बाबूंना सुचलं.

साहेबांशी बोलायला आळीने लिबेरातोला नेमलं होतं. म्हातारी कोन्चेत्ता तेव्हाच म्हणाली होती, "एकट्याला नका पाठवू गं. फार गोडबोल्या आहे मेला."

नुन्झिया उसळली होती. "माझ्या लेकीचा धर्मबाप, माझा कोम्पारे आहे तो! माझ्या रोझाल्बाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानं धरलंय. सख्खा भाऊ फसवेल एक वेळ, पण या नात्याला संत योहानाची साक्ष असते."

कोम्पारेवर संशय घेणं म्हणजे चर्चमध्ये थुंकणं.

ठरलं होतं असं : सगळ्यांनी दारातच जेवण मांडून अडून बसायचं, आणि लिबेरातो साहेबांना समोर घेऊन येणार.

दार उघडलं. साहेब नव्हतेच. लिबेरातो एकटा. अंगात पहारेकऱ्यांच्या मुकादमाचा कोरा कोट, हातात कुलूप.

"कोम्मारे, टेबल उचल," तो जमिनीकडे बघत, त्याच नात्याने हाक मारत म्हणाला. "नाहीतर पोलिसांना बोलवावं लागेल मला."

"तुला?"

"नोकरी आहे."

"कधीपासून?"

"कार्निव्हल झाल्यापासून."

"म्हणजे ईस्टरआधीचा सगळा चाळीस दिवसांचा उपवासकाळ माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी ढोसत 'बोलणी चाललीत' म्हणत होतास?"

"चाललीच होती की."

"तुझ्या कोटाची!" मागून कोन्चेत्ता ओरडली. लोक हसले.

लिबेरातो लाल झाला. "माझ्या जागी दुसरा असता तर त्यानंही हेच केलं असतं."

"दुसऱ्याच्या हातात मी माझी पोर दिली नव्हती."

मग तिला वळसा घालून त्याने मागच्या लोकांकडेच तोंड केलं. "आज आळीला पुढून फुकट सोडतोय मी. फक्त आजच्या दिवस. चला, बागेतला धबधबा सुरू झालाय."

आधी पोराबाळांवाले हलले. मग त्यांच्या बायका. मग ज्यांनी काल मुठी आवळून शपथा घेतल्या होत्या ते, पिशव्या सावरत.

"कोन्चेत्ता, तूसुद्धा?"

"पुढच्या वर्षी असेन का नसेन, बाई," म्हातारी पुटपुटली आणि लंगडत गर्दीमागे गेली.

उरली नुन्झिया. तिनेच आळीला लिबेरातोची हमी दिली होती, आणि आळीने त्याला एका दुपारीत माफ करून टाकलं.

"लाव कुलूप," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत लाव."

त्याने लावलं. दाराच्या गजांपलीकडे, बागेत, थोड्या वेळाने आळी दिसू लागली. पोरांनी नुन्झियाला हात केले. मोठी माणसं पाण्याकडे टक लावून बघत राहिली, जणू जन्मात धबधबा पाहिला नव्हता.