पेंग्विनच्या बेटाजवळचं दहावं

पेंग्विन बघायला लोक एवढ्या लांब कशाला येतात, हे मला कधी कळलं नाही. चेंदणी कोळीवाड्यात माझं लहानपण पक्षी हाकलण्यात गेलेलं, सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे. मोठेपणी दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांना जाणाऱ्या जहाजावर वाढपी झालो. गोरे पाहुणे दुर्बिणीतून पेंग्विन बघायचे, मी त्यांना गरम सूप द्यायचो.

चौऱ्याण्णवच्या फेरीत वायरलेसवर निरोप आला की आई गेली. पुढचं बंदर फार लांब होतं. जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवर सीतारामकाका म्हणाले, अग्नी मी दिला, दहाव्याला पिंडही ठेवीन. पण एकुलता मुलगा तू, तूही ठेव. कावळा नसेल तर तिथला जो पक्षी असेल तो चालेल.

पक्ष्यांना तोटा नव्हता. स्कुआ नावाचा एक तपकिरी पक्षी तर पेंग्विनची अंडी पळवणारा, कावळ्याहून निर्लज्ज. दहाव्या दिवशी मागच्या डेकवर ताटलीत भाताचा गोळा ठेवून मी हात जोडले. तीन स्कुआ कठड्यावर बसले आणि नुसते बघत राहिले.

पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं आपण धरतो आणि ती पुरी करायचा शब्द देतो. मी देत सुटलो. बहिणीचं, मंदाकिनीचं लग्न लावून देईन. घराची कौलं बदलीन. दारू सोडीन, असंही म्हणालो, मी घेत नसताना. एकही जागचा हलला नाही.

आईला काय हवं होतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं. पण माझ्या पगारावर घर चालत होतं, म्हणून ते तोंडातून निघत नव्हतं. शेवटी म्हणालो, "आये, मी घरा येतो. पुन्हा जहाजावर जानार नाय."

एक स्कुआ खाली उतरला. चालत ताटलीपर्यंत आला, मान वाकवली. तेवढ्यात डेक ऑफिसरने धावत येऊन ताटली उचलली. इथल्या पक्ष्यांना माणसाचं अन्न द्यायचं नाही, हा नियम रोज मीच पाहुण्यांना सांगायचो. माझा चेहरा बघून त्याने खांद्यावर हात ठेवला आणि भात कचऱ्याच्या खोलीत नेला.

करार संपल्यावर घरी आलो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत कामासाठी खूप फिरलो, पण गेटवरूनच परत पाठवायचे. घरात चूल पेटेना तेव्हा जहाजाच्या नव्या करारावर सही केली. आता वाटतं, ऑफिसर वेळेवर आला तेच बरं झालं. आईला माझं बोलणं ऐकू गेलं नसेल.