लवकरबाईचे पॅटिस

"काटे वेचत बसू नकोस गं पोरी. डब्यातले काटे वाफेनं मऊ झालेले असतात. चिमटीत धर, दाब, पीठ होतं त्यांचं. भ्यायचं त्याला भ्यावं माणसानं. काट्यांना कसलं भ्यायचं?"

कानाशी आवाज आला तसा धाकटीचा हात ताटलीवरच थबकला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मागं कोणी नसणार हे तिला ठाऊक होतं. नळ बंद होता, खिडकी लोटलेली होती, ओव्हन अजून लावायचा होता. सॅल्मनचा डबा फोडून तो गुलाबी मासा ताटलीत पालथा केला, की हा आवाज यायचाच. अगदी डाव्या खांद्यामागून, श्वासाच्या अंतरावरून. बावीस वर्षं येत होता. आणि बावीस वर्षं धाकटी त्याचं न ऐकता एकेक काटा वेचून बशीच्या कडेला लावत आली होती. दर शुक्रवारी ती पॅटिस करायची. घरातले मिटक्या मारत खायचे. ती स्वतः मात्र कधी तोंडात घालत नसे. "मला वास सोसत नाही," म्हणायची. उभा जन्म मासळीच्या कारखान्यात काढलेली बाई असं म्हणते, यावर घरात हसून हसून पोटं दुखली होती. पुढं पुढं कोणी हसेनासंही झालं.

मागचं दार वाजलं आणि थोरली जाऊ आत आली. दोघी जावांची घरं पाठीला पाठ लावून होती. थोरलीला धाकटीच्या घराचं पुढचं दार जणू ठाऊकच नव्हतं.

"आज बुधवार ना गं? मग बुधवारी पॅटिस कसे? कोण येणार आहे?"

"कोणी येणार नाही, जाऊबाई."

"मग डझनभर बटाटे कुणाच्या जिवावर उकडलेस? माझ्या? अगं, डॉक्टरनं मला अर्धं तोंड शिवून घ्यायला सांगितलंय."

"सहाच आहेत बटाटे."

"असतील. मला खायचं म्हटलं की दुप्पट दिसतं." थोरलीनं खुर्ची ओढली, शेपूची जुडी पुढ्यात घेतली आणि न सांगता निवडायला बसली. "दुकानदार सांगत होता, तुमची जाऊ सकाळी येऊन फळीवरचे सगळे डबे वाजवून गेली. त्यानं विचारलं, काकू, विकत घेताय की वाजवायला नेताय? तर तू म्हणे त्याला काहीतरी भलतंच बोललीस."

"काही नाही. वाजतो तो खावा, वाजत नाही तो मातीत पुरावा, एवढंच म्हटलं."

"तो बिचारा अजून विचार करतोय त्याच्यावर. फळीवरचे डबे स्वतःच वाजवत बसला होता मघाशी."

थोरली हसली. धाकटीनंही हसल्यासारखं केलं. खिडकीच्या कठड्यावर तिची सळई ठेवलेली होती. वीतभर लांबीची, पोलादी, टोकाला वाटाण्याएवढी गोळी. दुसऱ्या टोकाला लाल दोरा गुंडाळलेला, हाताच्या घामानं काळपट पडलेला.

एकतीस वर्षं धाकटीनं डबे वाजवले. वाफेच्या भट्टीतून निघालेले डबे गार होऊन पट्ट्यावरून पुढं सरकत यायचे आणि ती स्टुलावर बसून प्रत्येकाच्या झाकणावर सळईचा एक ठोका मारायची. घट्ट बसलेलं झाकण 'ठण्ण' म्हणायचं. कुठं केसाएवढी फट राहून आत हवा शिरलेली असली, की 'थद्' असा मेला आवाज यायचा. तो डबा काढून लाल टोपलीत टाकायचा. हातून निसटला तर पट्ट्याचं बटण दाबायचं आणि शोधून काढायचा. एवढंच काम. पण कान असा तयार व्हावा लागे, की शंभर ठण्णमधला एक थद् झोपेतसुद्धा कळावा.

ती सकाळच्या पाळीला असे. दुपारच्या पाळीला तिच्या स्टुलावर येणारी बाई तिच्याहून दहा वर्षांनी मोठी होती. कारखान्यात सगळे तिला लवकरबाई म्हणत, कारण दोनची पाळी असली तरी ती पावणेदोनपासून आवारात असायची. दोनला दहा कमी असतानाच वहीत सही करून ती स्टुलामागं येऊन उभी राहायची. "ऊठ पोरी, तुझी बस चुकेल." त्या दहा मिनिटांच्या पायी धाकटीला रोज दोन वाजून पाच मिनिटांची बस मिळायची, नाहीतर पुढची एकदम साडेतीनला. आणि शुक्रवारी लवकरबाईच्या पिशवीत पॅटिस असायचे. तळलेले नाहीत, भाजलेले. बाहेरून खरपूस, आतून लोण्यासारखे. काट्यांची ती शिकवणही तिचीच.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी सकाळपासून पट्टा तीनदा थांबला होता. तिन्ही वेळा बटण धाकटीनं दाबलं होतं. मुकादम तिसऱ्यांदा येऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाई, मासे केव्हाच मेले. आता आमचा जीव घेता का?" बायका हसल्या होत्या. दोन वाजत आले. लवकरबाईची सही झालेली होती. ती मागच्या खुंटीशी उभी राहून धाकटीच्या पिशवीत दोन पॅटिस घालत होती. "गरम आहेत, बसमध्ये खा," म्हणत होती. पाळीचा भोंगा सुरू झाला आणि भोंग्याच्या आवाजाखालून धाकटीच्या सळईखाली एक डबा बोलला.

थद्.

तिनं तो ऐकला. भोंग्यामुळं ऐकू आला नाही, असं ती पुढं स्वतःला खूपदा सांगून बघणार होती. पण तिनं तो ऐकला होता. डबा हातभर पुढं गेला. बटण गुडघ्याशीच होतं. हात उचलला असता तर झालं असतं. हात उचलला गेला नाही. डबा वळणावरून खाली खोक्यात पडला, खोकं बंद झालं, आणि धाकटी उठून पिशवी घेऊन बसला धावली. पॅटिस तिनं बसमध्येच खाल्ले. चांगले झाले होते.

सात आठवड्यांनी पत्र आलं. कुठल्याशा लांबच्या शहरात एका घरातली तीन माणसं डबा खाऊन आजारी पडली होती. दोघं दवाखान्यातून घरी आली, असं पत्रात होतं. तिसऱ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. डब्याच्या बुडावर तारीख आणि पट्ट्यावरून गेल्याची वेळ ठोकलेली होती, बरोबर दोन. मुकादमानं दोघींना खोलीत बोलावून वही उघडली. सकाळपाळीची सुटी झाल्याची सही धाकटी घाईत कधी करतच नसे. लवकरबाईची सही मात्र ठसठशीत होती, दोनला दहा कमी.

"त्या वेळेला स्टुलावर कोण होतं?" मुकादमानं विचारलं.

धाकटी फरशीकडे बघत राहिली. फरशीवर माशाचा एक खवला चिकटलेला होता.

"सही माझी आहे," लवकरबाई म्हणाली. "पण..."

आणि थांबली. तिनं धाकटीकडे पाहिलं. ती वाट बघतेय, हे धाकटीला खवल्याकडे बघता बघताही कळत होतं. मग लवकरबाईनं तो 'पण' तिथंच ठेवला, खिशातून आपली लाल दोऱ्याची सळई काढून टेबलावर ठेवली आणि खोलीबाहेर गेली ती कारखान्यात परत आली नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमानं ती सळई धाकटीला दिली. "घ्या, तुमची वाकलीय ना? ही सरळ आहे."

तेव्हापासून तिचा कान तिच्या ताब्यात राहिला नाही. लाकडी खण बंद झाला, थद्. शेजारणीनं गादी झटकली, थद्. नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकलं, की आतूनही तेच. तेव्हापासून डब्यातला मासा खायचा नाही, असा नेम तिनं मनाशी धरला. कुणाला सांगितला नाही. नेम धरला म्हणजे काही फिटतं, असं तिला वाटत नव्हतं. दुसरं काय धरावं, ते कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी नवरा दवाखान्यात होता. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा अबोल माणूस. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यानं उशीवरून मान वळवून विचारलं, "तू पॅटिस का खात नाहीस?" वासाचं कारण तिनं सांगितलं नाही. सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. तिला वाटलं झोपला. मग म्हणाला, "एकदा तिच्याकडे जा."

"आता?"

"मी गेल्यावर जा. वर्षाच्या आत जा. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. ती म्हणाली खा, तर खा. नाही म्हणाली, तर परत ये. पण जा. जातेस ना?"

"जाते," ती म्हणाली.

वर्षात तीनदा ती बसस्थानकामागच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. लवकरबाई तिथल्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते आणि वरच्याच खोलीत राहते, हे तिला ठाऊक होतं. तिन्ही वेळा कोपऱ्यावरची वाफ पाहून ती मागं फिरली. उद्या वर्ष पुरं होत होतं.

"कुठं हरवलीस?" थोरली म्हणाली. "शेपू झाला चिरून. आणि आज काटे नाही वेचत आहेस?"

धाकटीनं ताटलीत पाहिलं. एक मणका तिच्या चिमटीत होता. लहान, पांढरा, मण्यासारखा. तिनं दाबला. कसलाही आवाज न करता त्याचं पीठ झालं. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. डाव्या खांद्यामागं कोणी श्वास रोखून बघतंय, असं वाटत होतं. सगळे काटे चुरडून झाले तेव्हा तिनं त्यात कुस्करलेला बटाटा घातला, पावाचा चुरा, बारीक कांदा, अंडं, शेपू, मिरपूड, लिंबाचे चार थेंब. मीठ घालताना थांबली. बावीस वर्षं ती मीठ हाताच्या अंदाजानंच घालत होती. चाखून बघायची मुभा नव्हती.

तळहातावर थापून चपटे गोळे ट्रेमध्ये मांडले, वरून तेलाचा पुसट हात फिरवला आणि ओव्हनचं दार लावण्याआधी क्षणभर हात जोडले. थोरलीनं ते पाहिलं, पण या खेपेस थट्टा केली नाही. मध्ये एकदा उलटून अर्धा तास भाजल्यावर घरभर तो वास भरला. खुंटीशी उभं राहून पिशवीत पॅटिस घालणाऱ्या बाईचा वास.

थोरलीनं एक उचलला, या हातातून त्या हातात झेलत चावा घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं! आजवर काय आम्हाला भुसा खायला घालत होतीस का? हे काय केलंस आज?"

"काही नाही. सांगितल्यासारखं केलं."

धाकटीनं सहा पॅटिस स्टीलच्या डब्यात कागद घालून रचले. थोरली बघत होती. "आणि हे बांधून कुणाकडे?"

"लवकरबाईकडे."

थोरलीचा घास गालातच राहिला. "कोण? ती डबा सोडणारी?"

बावीस वर्षं लोकांच्या तोंडी तिचं हेच नाव होतं. लवकर येणारी बाई लोक विसरून गेले होते.

"तिनं नाही सोडला," धाकटी म्हणाली.

"मग कुणी?"

"मी."

थोरलीनं घास गिळला. हातातल्या अर्ध्या पॅटिसकडे पाहिलं, तो बशीत ठेवला, मग बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

"भाऊजींना ठाऊक होतं?"

"शेवटी सांगितलं."

"आणि मला नाही." थोरलीचा आवाज एवढासा झाला. "रोज मागच्या दारानं येते मी." मग एकदम तिचं मूळचं बोलणं उसळून आलं. "आता जाऊन काय करणार आहेस? तिच्या पाठीचं धनुष्य झालंय. गेल्या महिन्यात पाहिली मी, काठी धरून चालत होती. तू सांगितल्यानं बावीस वर्षं परत येणार आहेत का तिची?"

"नाही येणार."

"दार लावून घेईल तोंडावर."

"घेऊ दे."

"आणि विसरली असेल तर?"

"मग आठवण करून देईन."

"गावभर होईल गं बाई! उद्या दुकानदारसुद्धा..."

"व्हायलाच हवं ना, जाऊबाई. तिचं नाव गावभर आहेच की."

थोरली उठली, स्टीलच्या डब्याचं झाकण घेतलं, दोन्ही तळव्यांनी दाबून घट्ट लावलं आणि डबा धाकटीच्या पिशवीत ठेवला. "गरम आहेत तोवर जा," म्हणाली.

धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. पायी पस्तीस मिनिटं. म्हणजे दोनला दहा कमी असताना दारात. तिनं कठड्यावरची सळई उचलली, लाल दोऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि तीही पिशवीत घातली. पुढचं दार उघडून ती रस्त्यावर आली.

दहा पावलं गेल्यावर पिशवीत सळई डब्यावर आपटली. डबा भरलेला होता, त्यामुळं आवाज मेलाच आला. थद्. पुन्हा पाऊल, पुन्हा थद्. सळई बाजूला सरकवायला तिचा हात पिशवीकडे गेला आणि मध्येच थांबला. तिनं हात काढून घेतला. मग त्या आवाजाला प्रत्येक पावलागणिक वाजू देत, आज कान न झाकता, ती बसस्थानकाच्या दिशेनं चालत राहिली. कोपरा आला. लाँड्रीची वाफ दिसली. ती थांबली नाही.