उजवीकडचा डबा

मितालीनं काट्यावरच्या वाटीतून तीन मखाने उचलून परत बरणीत टाकले. ग्रॅमचा आकडा बावीसवरून वीसवर आला, तेव्हा कुठे तिनं वाटी डब्यात रिकामी केली. डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात तिरप्या कापलेल्या काकडीच्या चकत्या होत्या, त्यांवर लिंबू आणि जिरेपूड. ताकाची लहान बाटली वेगळी.

सासूबाई दाराशी चपला शोधत होत्या. सहाची रिक्षा खाली येऊन थांबली होती. धक्क्यावरून मांदेली-बोंबील उचलायचे आणि आठला कोपरखैरण्याच्या बाजारात ओट्यावर बसायचं, हा गोजराबाईंचा तीस वर्षांचा नेम.

"यो काय?" डबा हातात घेत त्यांनी विचारलं.

"मखाने, आई. बरोबर अकरा वाजता खायचे. एकेक, चावून."

"आनि कालचा ते फुसफुस?"

"ते कुरमुरे होते."

"माज्या दाताला दोनी सारकाच," असं म्हणून गोजराबाई जिना उतरू लागल्या. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग दुसरी पायरी, कठड्याला बिलगून, खेकड्यासारख्या आडव्या. दोन मजले उतरायला त्यांना सात मिनिटं लागत. ही सात मिनिटं मिताली दहा महिन्यांच्या हेतलला कडेवर घेऊन वर दारात उभी राही आणि खालून रिक्षाचा आवाज आल्याशिवाय आत वळत नसे.

वाशीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. गुडघा बदलावा लागेल, पण वजन ऐंशीच्या आत आल्याशिवाय तारीख मिळणार नाही. तेव्हा काटा चौऱ्याऐंशीच्या पुढे दोनशे ग्रॅम दाखवत होता. चार-सव्वाचार किलोंचा तर प्रश्न, मितालीला वाटलं होतं. हेतलच्या वेळचं वाढलेलं सगळं वजन तिनं स्वतः पाच महिन्यांत उतरवलं होतं. फोनमध्ये तिची यादी होती, 'शंभरच्या आत' नावाची. भाजलेले चणे मूठभर, कुरमुऱ्यांची शेव नसलेली भेळ, मोडाचे मूग, अंड्याचं पांढरं, ताक. वजन कधीच उतरलं होतं, यादी मात्र अजून तिच्या मानेवरून उतरली नव्हती. हेतलला भरवता भरवता, ओट्याशी उभ्या उभ्या, ती त्याच बरणीतले कुरमुरे तोंडात टाकायची आणि जेवण झालं म्हणायची.

सहा आठवड्यांनी सासूबाई पुन्हा काट्यावर उभ्या राहिल्या. चौऱ्याऐंशी पूर्णांक नऊ.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आकडा लिहिला आणि मितालीकडे असं पाहिलं, जणू वरचे सातशे ग्रॅम तिनंच पर्समधून आणून ठेवले होते.

"तुझ्या मखान्यांत काहीतरी दम आहे," तिचा नवरा धनेश घरी हसत म्हणाला. "मला पण दे."

मितालीला हसू आलं नाही. तिनं थायरॉइड तपासून घेतलं, ते नीट निघालं. ताकाचं दूध बदललं. दोन दिवस काकडीचंसुद्धा वजन केलं. शेवटी संध्याकाळी हेतलला मांडीवर घेऊन ती सासूबाईंच्या समोर बसली.

"आई, खरं सांगा. बाजारात काही घेऊन खाता का? वडापाव, भजी?"

"इकत घेऊन एक दाना खाल्ला नाय गो. देवीची आन."

"आणि माझा डबा?"

"रोज रिकामा येतो ना घरी?"

येत होता. धुऊन, लखलखीत.

बुधवारी पावणेअकराला मितालीनं हेतलला कडेवर घेतलं आणि बाजार गाठला. समोरच्या नारळवाल्याच्या ढिगाआड ती उभी राहिली. बर्फाचं पाणी, कोयत्यांचा आवाज, "या ताई, ताजा हाय, डोले बगा" असे पुकारे. पलीकडे चार ओटे एकमेकांना लागून, अर्ध्या गोलात. गोजराबाई मांदेलीच्या राशीमागे बसल्या होत्या. त्यांच्या डावीला कोलंबीवाली पुतळाबाई, उजवीला अंडी आणि सुकट विकणारी अख्तरुन्निसा, आणि पलीकडे आईच्या जागेवर नुकतीच बसू लागलेली अस्मिता.

अकराच्या सुमाराला गिऱ्हाईक ओसरलं. चौघींनी हात धुतले, चार डबे बाहेर आले, आणि बोलता बोलता, न बघता, प्रत्येकीनं आपला डबा उजवीकडे सरकवला; टोकाच्या अस्मितानं समोरून पुतळाबाईकडे.

मितालीनं हेतलचा पाय घट्ट धरला.

अख्तरुन्निसानं गोजराबाईंचा डबा उघडला. आत पाहून तिनं क्षणभर डोळे मिटले, एक मखाना उचलला आणि औषधाची गोळी घ्यावी तसा जिभेवर ठेवला.

"तुझी सून माझ्यावर कसला राग काढते गं?" ती म्हणाली. "दीड महिना झाला. माझे ब्लाऊज ढिले झाले सगळे."

"खा गप. ताकत येते त्यानी," गोजराबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पुतळाबाईचा डबा होता. तांदळाच्या दोन भाकऱ्या, कोलंबीचं सुकं, वर तळलेला बोंबील. त्यांनी तो इतक्या मन लावून खाल्ला की शेवटच्या घासानं डब्याचे कोपरेसुद्धा पुसून काढले. मितालीचं डोकं आपोआप बेरीज करत गेलं आणि सहाशेच्या पुढे तिनं ते थांबवलं.

तेवढ्यात हेतलला टोपलीतला खेकडा दिसला आणि ती आनंदानं किंचाळली. पुतळाबाईनं मान वर केली. सावकाश उठून, नारळ बघायच्या निमित्तानं, ती ढिगापाशी आली.

"धनेशची बायको ना तू? आनि बोक्यासारकी दडून काय बसलीस?"

"मावशी, हळू बोला." मितालीचा चेहरा तापला. "आईंनी त्यांचा डबा का नाही खाल्ला?"

"आपला डबा आपन खायाचा नाय. उजवीकडं द्यायाचा. आमच्या ओट्यांचा कायदाच हाय तो."

"पण असा कायदा कशासाठी?"

पुतळाबाईनं एक नारळ उचलून कानाशी हलवला, खाली ठेवला, दुसरा उचलला.

"गोजराचा नवरा गेला तवा धनेश तीन वर्साचा. ही रोज डबा आनायाची पन उघडायाची नाय. बोलायाची, भूक नाय. एक दिस तिचा डबा माज्या सासूनी सहज उचललान, तर फुलासारका हलका. सासू काय बोलली नाय. दुसऱ्या दिशी सांगितलान, आजपासून ज्याचा त्यानी खायाचा नाय, डबा उजवीकडं सरकवायाचा. आनि कोनाला रिकामा आला तर त्यानी बोंब मारायाची नाय."

"मग तो रिकामा डबा कोणाला यायचा?"

"उजवीला अख्तर. चार महिने घेतलान तिनी. झाकन उघडून, तोंड हलवून, मिटून ठेवायाची. नंतर मी नि अस्मिताची आय तिला आमच्यातला द्यायाचो." पुतळाबाईनं ओट्याकडे हनुवटी उडवली. "आता तुजे मखाने घेते. तवा पन बोलली नाय, आता जरा बोलते."

अख्तरुन्निसा काकडी चावत होती. गोजराबाई तिला काहीतरी सांगून हसवत होत्या.

"मंग तूच सांग," पुतळाबाई म्हणाली, "ह्या बायांना गोजरा कुटल्या तोंडानी सांगल, की मना माजाच डबा खायाचा हाय?"

मिताली बराच वेळ हेतलच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली. मग तिनं वर पाहिलं.

"मावशी, म्हणजे आईंच्या पोटात जातो तो तुमचा डबा."

"व्हय."

"म्हणजे मी दीड महिना चुकीचा डबा भरत होते."

पुतळाबाईनं तिच्याकडे पाहिलं. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, मग हातातला नारळ. नारळवाल्यानं विचारलं, "मावशी, घेताय का नुसता नाचवताय?"

दुसऱ्या दिवसापासून मितालीची सकाळ बदलली. सासूबाईंची रिक्षा गेली की ती हेतलला घेऊन पुतळाबाईच्या घरी, बोनकोड्याच्या गल्ल्यांत शिरायची. पुतळाबाईचा मुलगा कोलंबी दारात आणून टाकायचा, म्हणून ती साडेआठपर्यंत घरीच असे. तिच्या चेपलेल्या जर्मनच्या डब्यात मिताली आपला माल भरायची. मोडाचे मूग, अंड्याचं पांढरं, भाजलेला मका, तिरपी कापलेली काकडी. आणि सासूबाईंच्या डब्यात, म्हणजे अख्तरुन्निसासाठी, घरून थालीपीठ आणि लोण्याचा गोळा जायचा. पहिल्या दिवशी ते लोणी लावताना मितालीला इतकं बरं वाटलं की तिनं दुसरं थालीपीठही घातलं.

तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा पुतळाबाईनं तिला दारात अडवलं.

"आनि आमच्या सुनेनी पाचला उठून केलेल्या भाकऱ्यांचा मी काय करू? पाटावर बस. खाऊन जा."

"मी नाश्ता केलाय, मावशी."

"काय केलास?"

मितालीला नाव पटकन आठवलं नाही.

"बस," पुतळाबाई म्हणाली.

मग रोजच ते सुरू झालं. पहिल्या दिवशी मितालीनं भाकरीचा चतकोर तोडला आणि मनातल्या मनात त्याचे आकडे मांडले. आठवड्यानं चतकोराची अर्धी झाली. हेतल मांडीवरून हात मारायची, बोंबलाचा तुकडा मुठीत चेपायची, तिला काटा लागेल म्हणून मिताली प्रत्येक तुकडा तीनदा चाचपायची आणि तिला मऊ भात कालवून द्यायची, आणि त्या गडबडीत आकडे राहून जायचे. एकदा कोलंबीच्या सुक्याचा वास घरापर्यंत बोटांना येत राहिल्याचं तिला जाणवलं आणि तिनं हात पुन्हा धुतले नाहीत. धनेश म्हणाला, "हल्ली तू दुपारी चिडत नाहीस." तिनं त्यालाही काही सांगितलं नाही. गुपित होतं, आणि गुपितानं ती जिना चढताना गुणगुणायला लागली होती.

सासूबाईंना ती रोज विचारायची, "आज ओट्यांवर मावशींनी डब्यात काय काय आणलं होतं?"

"पाला," गोजराबाई म्हणायच्या. "पुतळाच्या घरी काय झालाय कोन जाने. पाला नि मोड. म्हातारी झाली, हात आकडला असंल."

मिताली पाठ वळवून हसायची.

सात आठवड्यांनी दवाखान्यात काटा थरथरला आणि एकोणऐंशी पूर्णांक सातवर थांबला. सिस्टरनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेवर बोट ठेवलं. गोजराबाई काट्यावरून उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ऊन लई हाय ना, घामानी उतारला." पण बाहेर येऊन त्यांनी रिक्षात बसण्याआधी मितालीचा हात धरला आणि तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिताली बोनकोड्याला गेली ती पळतच. पाटावर बसायचं विसरून तिनं उभ्यानंच तारीख सांगितली. पुतळाबाईनं देवीच्या फोटोला हात जोडले आणि ताट वाढायला घेतलं.

"तुमच्यामुळे झालं, मावशी. आणि गंमत म्हणजे आईंना पत्तासुद्धा लागला नाही."

पुतळाबाईची भाकरी तव्यावरून ताटात येता येता थांबली.

"गोजराला?"

"हो ना."

"पोरी, बोनकोड्यात काकडी अशी तिरपी कोन कापतं? पयल्याच दिशी झाकन उघडलान, माज्याकडं बगितलान, आनि गप खाल्लान."

मिताली पाटावर बसली.

"मग त्या काही बोलल्या का नाहीत?"

"बोलली ना. मना बोलली." पुतळाबाईनं भाकरी ताटात ठेवली, शेजारी बोंबील. "हात धुवायला गेलो तवा सांगितलान, मी तुमचा पाला खाईन, पुतळे, वजन उतरंपर्यंत खाईन. पन तू माज्या पोरीला भाकरी घाल. ती लेकराला भरवते नि सोता उभी राहून कुरमुरे खाते. मी बोलली तर तिला राग येल, तू घाल."

हेतल जमिनीवर रांगत चुलीकडे निघाली होती. एरवी मिताली एव्हाना उठून धावली असती. पुतळाबाईच्या सुनेनंच बाळाला उचललं.

खिडकीतला फोन वाजला. पुतळाबाईनं ओले हात पदराला पुसून तो कानाला लावला. पलीकडून धक्क्यावरचा गलका इथपर्यंत ऐकू येत होता.

"हां गो, आली हाय," ती म्हणाली. "व्हय, सांगितलान. बारा तारीक. बसलेय पाटावर." मग जरा थांबून, मितालीच्या ताटाकडे बघत, "नाय. अजून हात नाय लावलान."

मितालीनं ताट पुढं ओढलं. भाकरी अजून गरम होती, बोटांना चटका बसला. तिनं मोठा तुकडा तोडला, बोंबलाला दुमडला आणि तोंडात घातला. घास इतका मोठा होता की तिला बोलता येईना.

"लावलान," पुतळाबाई फोनमध्ये म्हणाली.