कासवाच्या पाठीवरचं अंडं

गोष्ट सांगायच्या स्पर्धेत मी शाळेत पहिली आले आणि आठवड्याभरात त्याच गोष्टीपायी हॉस्पिटलच्या खोलीतून बाहेर काढली गेले.

माझी मामेबहीण सहा वर्षांची. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, यावरून काय ते समजा. तिला रक्ताचा कॅन्सर झालाय. अधूनमधून पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देतात, आणि तेवढा वेळ तिने गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, जराही न हलता पडायचं. भिंगरीने! म्हणून मामीने मला सोबत नेलं. मी स्टेजवरचा सगळा मसाला ओतला. माकडाचा आवाज काढला आणि भिंगरी खुदकन हसली. पाठ हलली. सुई पुन्हा टोचावी लागली.

"तुझं नाटक बाहेर," सिस्टर म्हणाल्या. मामीने स्वतःच दार उघडून धरलं, ते जास्त लागलं.

पुढच्या वेळी हलली तर भूल द्यावी लागणार होती. पण भिंगरीच्या छातीत कफ होता, त्यात भूल देता येत नाही, म्हणजे औषधच लांबणीवर पडलं असतं. पूर्वीची मी असते तर तोंड लपवून घरी बसले असते. आता नाही! पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी शाळेतून थेट सिस्टरांपुढे उभी राहिले.

"मला आत येऊ द्या. ती हसणार नाही."

"लिहून देतेस?"

"सांगूनच दाखवते."

पलंगाच्या चादरी बदलता बदलता त्यांनी ऐकलं आणि मध्येच अडवलं. "इथे प्रश्न विचारलास. उत्तर द्यायला पोर मान वळवेल."

"मग उत्तर बोटाने. माझं बोट एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही."

त्यांनी चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. "ये उद्या. पण माकड नको."

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीच्या तोंडासमोर खाली बसले. हातवारे बंद, आवाज हळू. माझं बोट तिच्या मुठीत दिलं आणि हो-नाहीची खूण समजावली.

"एका पक्षिणीने कासवाच्या पाठीवर अंडं घातलं. पिल्लू निघेपर्यंत कासवाने हलायचं नाही. कासवाला खाज सुटली. खाजवू दे?"

बोट दोनदा दाबलं गेलं.

"आता पिल्लू आतून चोच मारणार. दुखेल. खरंच दुखेल."

सुई गेली. भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझं बोट तिने असं आवळलं की हो की नाही, काही कळेना. पाठ मात्र दगड!

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"ताई, पिल्लू?" भिंगरीने विचारलं.

"निघालं. ओलं आणि भुकेलं."

मामीने माझा हात हातात घेतला, लाल झालेल्या बोटावर फुंकर घातली आणि एकदम रडायलाच लागली.

मी दप्तर उचललं, तर सिस्टरांनी दारात गाठलं. "तीन नंबरची मुलगी कुणाला हात लावू देत नाही. उद्या तिची सुई आहे. आणि गोष्टीत तिला कासव नको, रेल्वेचं इंजिन हवंय."

इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. दप्तर खाली ठेवलं आणि तिच्या पलंगाशी गेले.

"काय गं, तुझं इंजिन कुठे बंद पडलंय?"