कनवटीची मिश्री

करावे गावच्या बायका दर वर्षी कॅन्सरच्या वॉकला जातात त्या मुख्यतः टी-शर्टासाठी, पण हे कुणी कबूल करणार नाही. यंदाचा गुलाबी होता. लुगड्यावर तो चढवून सगळ्या पाम बीच रोडला उभ्या राहिल्या आणि एकमेकींना बघून हसत सुटल्या. गोजरा तेवढी हसली नाही. तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

गणपतीपासून तिच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. तिखट कालवण तोंडात गेलं की आग व्हायची. दाढ दुखली की मिश्री दाबायची, हे तिला आईने शिकवलेलं, म्हणून चट्टा झोंबला की ती तिथेच मिश्री दाबायची. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं आणि तिला वाटायचं, उतार पडतोय. डबी हल्ली फार लवकर संपायची, तेही तिने दुखण्याच्याच खाती टाकलं. चट्टा मात्र वाढला, आणि झोप उडाली. घरात सांगायची सोय नव्हती. मुलगा हरेश घाबरट, त्याने आधी रडून घेतलं असतं. सून नमिता काही बोलली नसती, पण तिने डबी उचलून खाडीत टाकली असती. वॉकच्या शेवटी तंबूत फुकट तपासणी आहे असं कळलं, तेव्हा गोजराने ठरवलं की सगळ्यांच्या आधी पोचायचं आणि गुपचूप तोंड दाखवून मोकळं व्हायचं. पहाटेच मिठाने तिने दात खसाखसा घासले होते.

शिट्टी वाजली आणि बाई सुटलीच.

"अगं गोजरे, कुनी पाटी लागलाय काय तुज्या?" शेजारची काशी मागून म्हणाली.

"तुमी या हलूहलू."

सर्वांत पुढे तीच, म्हणून आयोजकांच्या एका पोरीने 'तंबाखू सोडा' असं लिहिलेल्या फलकाचं एक टोक तिच्या हातात दिलं. आता टाकताही येईना. फोटो निघत होते, कनवटीची डबी पोटाला टोचत होती आणि गोजराला आपलीच लाज वाटत होती. फलक धरणारी दुसरी बाई मागे ओढायची, ही पुढे.

तंबूत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. खुर्चीत बसवून त्यांनी विचारलं, "आजी, तंबाखू, मिश्री काही लावता?"

"नाय."

"तोंड उघडा."

इथवर धावत आलेल्या गोजराचा धीर इथेच सुटला. "मना काय पन झाला नाय," म्हणत ती उठली आणि वळली, तर मागे गुलाबी टी-शर्टातली नमिता. घामाघूम, धापा टाकत.

"तू कशाला धावत आलीस?"

नमिताची जीभ आतून गाल चाचपत होती. गोजराने ते लगेच ओळखलं. स्वतः ती दिवसभर दुसरं काय करत होती?

"दाढ दुखत व्हती तवा तुमीच लावलेली ना, आई," नमिता हळूच म्हणाली. "मग सवय झाली. तुमच्याच डबीतली घेते. आता आत काहीतरी टोचतंय. तुमाला कळायच्या आत दाखवनार व्हते."

गोजरा परत खुर्चीत बसली. कनवटीची डबी काढून तिने टेबलावर ठेवली. "बाय, मी खोटं बोलली. पन आदी हिचं बघा."

"आदी आईंचं," नमिता म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना शेजारी बसवलं. नमिताचं पटकन झालं. गोजराच्या तोंडात मात्र त्या बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"आजी, उद्याच मोठ्या हॉस्पिटलात जा. तुकडा काढून तपासावा लागेल. वेळ घालवू नका. यांची सुरुवात दिसतेय. मिश्री आजपासून बंद केली तर बहुतेक बरं होईल. तरी यांनाही दाखवा."

नमिताने सासूचा हात घट्ट धरला आणि रडू लागली.

"हिचं जाईल ना?" गोजराने विचारलं.

"आजी, मी तुमच्याबद्दल सांगतेय."

"त्ये आयकलं. उद्या जाते." गोजराचे पाय आता हलत नव्हते. "हिचं जाईल ना?"