टॅग नॉर्बर्टचा, हरीण रॉलीचं

रॉली समोर जेवायला बसला की नॉर्बर्ट झास्ट्रोची भूक मरायची. गेली बावीस वर्षं मरत आली होती. रॉली हा त्याच्या बायकोचा, आर्डिसचा, धाकटा भाऊ. लोणच्यातली अंडी अख्खीच्या अख्खी तोंडात टाकायची, वरून बिअर ओतायची आणि मग तंबाखूचा तोबरा भरून बहिणीच्याच कॉफीच्या कपात पिचकाऱ्या मारायच्या, ही त्याची पाहुणचार घेण्याची रीत. तो कप नॉर्बर्ट नंतर दोनदा घासायचा आणि तरीही त्यातून कधी प्यायचा नाही.

त्या मार्चातही तेच चाललं होतं. बाहेर विस्कॉन्सिनचा बर्फ अजून गुडघाभर होता आणि टेबलावर साउथ डकोटाची शिकारीची नियमावली उघडी पडली होती. परराज्यातल्या माणसाला तिथला हरणाचा परवाना असा मागितल्याबरोबर मिळत नाही. दरवर्षी अर्ज करायचा, नकार घ्यायचा आणि नकारामागे एकेक गुण साठवायचा; गुण वाढतील तसा नंबर जवळ येतो. नॉर्बर्टने असे चार नकार साठवले होते. रॉलीचेही अर्ज त्यानेच भरले होते, कारण रॉलीला लिहायचा कंटाळा. यंदा दोघांचा नंबर लागणार हे जवळपास नक्की होतं. लागायलाच हवा होता, कारण डिसेंबरात नॉर्बर्टच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं की त्यानंतर डोंगर-घळी विसरा.

त्याला एकच हरीण हवं होतं. लहान-मोठं कसलंही, पण स्वतः मारलेलं.

याचं कारण त्यांच्या घरच्या रिवाजात होतं. विस्कॉन्सिनात टोळीने शिकार करायला कायद्याची मुभा आहे. एकाने मारलेल्या हरणाला दुसऱ्याने आपला टॅग बांधला तरी चालतं. प्रत्येकाच्या परवान्यासोबत तो कागदी टॅग येतो, हरीण पडलं की तारीख कापून बांधायचा, संपलं. रॉलीने या मुभेचं कुरण केलं होतं. पहिलं दिसेल ते पोर हरीण तो उडवायचा, त्याला नॉर्बर्टचा टॅग अडकवायचा आणि आपला टॅग मोठ्या शिंगांसाठी राखून ठेवायचा. गावच्या गुत्त्यात भिंतीवर फोटो होते, खाली 'नॉर्बर्टचं हरीण' असं लिहिलेले. लोक पाठ थोपटायचे. नॉर्बर्ट हसून मान हलवायचा, आणि घरी येऊन त्याला स्वतःचीच शिसारी यायची.

म्हणून त्याने ती नियमावली परीक्षेला बसल्यासारखी वाचली. भगवे कपडे किती घालायचे, कुठल्या कुरणात मालकाला विचारावं लागतं, गाडीत भरलेली बंदूक चालत नाही, हे सगळं पेन्सिलीने अधोरेखित केलं. हरणांमध्ये मेंदूचा रोग पसरलाय, म्हणून डोकं आणि कणा तिथेच टाकून फक्त हाडं काढलेलं मांस घरी आणायचं, हेही टिपून ठेवलं. मग एक ओळ त्याने मोठ्याने वाचली, आणि रॉली चघळत राहिला म्हणून पुन्हा वाचली: ज्याने मारलं त्यानेच आपला टॅग बांधायचा, दुसऱ्यासाठी मारायचं नाही.

"कळलं का? तिकडे आपलं चालत नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

"कळलं हो दाजी. तुम्ही वाचलंत म्हणजे मीच वाचलं," रॉली म्हणाला आणि त्याच पानाला बोटं पुसली.

अंड्याच्या पाण्याचा तो डाग पुढे आठ महिने त्या ओळीवर होता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

परवाने मिळाले. नोव्हेंबरात बारा तास गाडी हाकून दोघे साउथ डकोटात, व्हर्ना टिबोल्टच्या रँचवर पोचले. व्हर्ना ही सत्तरीची विधवा, कमी बोलणारी. तिने नाश्त्याला सॉसेज वाढताना दोनच गोष्टी सांगितल्या: फाटक उघडं टाकायचं नाही, आणि रविवारी चारच्या सुमाराला शिकारखात्याची वॉर्डन फेरीवर येते, हरणं आणि कागद तपासते, मग ॲपल पाय खाऊन जाते. रॉलीने खोलीतला टॉवेल बूट पुसायला घेतला होता. व्हर्नाने तो पाहिला. लाज मात्र नॉर्बर्टला वाटली.

शिकारीची जागा दोघांनी वाटून घेतली. टेकडीपलीकडचं रॉलीचं, अलीकडची घळ नॉर्बर्टची. शनिवारी संध्याकाळी त्याला तिथे एक मोठा नर दिसला, पण पुढे मादी उभी होती, म्हणून त्याने चाप ओढला नाही. रविवारी पहाटे गुडघ्यांना पट्टे बांधून तो पुन्हा तिथेच जाऊन बसला. नऊला टेकडीपलीकडे एक बार झाला. रॉलीचं झालं, आता बरं वाटेल त्याला, असं म्हणून नॉर्बर्टने निःश्वास सोडला. अकराच्या सुमाराला तो नर घळीत उतरला. एकटा, आडवा, दोनशे पावलांवर. नॉर्बर्टने बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला.

बार झाला, पण त्याचा नव्हे. नर कोसळला आणि घळीच्या काठावर रॉली उभा राहिला, टोपी हलवत.

नॉर्बर्ट खाली पोचेतो रॉलीने त्या नराला आपला टॅग बांधलाही होता. नऊचं काय, असं विचारल्यावर त्याने टेकडीकडे अंगठा केला. बारकं निघालं, म्हणाला, दोन बोटांची शिंगं, वाया कशाला घालवायचं. त्याने ते ओढत आणून गाडीच्या मागच्या फळीवर टाकलं होतं. दोघे गाडीपाशी आले तेव्हा त्याचं पोट अजून फाडलेलं नव्हतं, ते फुगायला लागलं होतं, डोळ्यांवर माशा बसत होत्या. रॉली त्याच्या शेजारीच टेकून सँडविच खात होता आणि हाताचं रक्त ब्रेडला लागलं होतं.

"टॅग काढा दाजी. चारला बाई येतेय."

"मी सांगितलं होतं तुला. दोनदा."

"तुमच्यासाठीच केलं की. गुडघे बघा तुमचे. जन्मात नेम लागला असता का तुमचा?"

नॉर्बर्टला बोलायचं होतं. पण त्याचा हात आपला आपण खिशात गेला होता. बावीस वर्षं दर नोव्हेंबरात तो असाच जात आला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तो रॉलीबद्दल म्हणत आला. आता ती खोड त्याला आपल्याच हातात दिसली. चार वर्षं वाट पाहून मिळालेला तो टॅग रॉलीने चिमटीत घेतला, चाकूने तारीख कापली आणि त्या पोर हरणाच्या पायाला बांधून टाकला. नॉर्बर्टची शिकार तिथे संपली.

वॉर्डन चारला आली. तिशीतली, शांत, वहीत नावं लिहून घेणारी. व्हर्ना ओसरीवर हात पुसत उभी राहिली. रॉलीने मोठ्या नराची गोष्ट रंगवून सांगितली, आणि मग बारक्या हरणाकडे हात करून म्हणाला, "हे आमच्या दाजींचं. एका गोळीत पाडलं. नेम आहे त्यांचा, गावात कुणालाही विचारा."

वॉर्डनने टॅग वाचला आणि वर पाहिलं. "झास्ट्रो तुम्ही? कुठून मारलंत?"

आता मान हलवली की झालं असतं. गप्प राहून त्याचं काही जात नव्हतं, जायचं ते गेलंच होतं; बोललं तर दंड दोघांना, परवाना जप्त दोघांचा, आणि घरी आर्डिसचं तोंड. रॉली निश्चिंतपणे दातातलं कोरत होता, कारण दाजी नेहमीच मान हलवतात.

नॉर्बर्टने खिशातून पाच गोळ्या काढल्या आणि फळीवर, त्या फुगलेल्या पोटाशेजारी, एकेक करून उभ्या केल्या.

"पाच घेऊन निघालो होतो, पाच आहेत," तो म्हणाला. "टॅग माझा आहे, दिलाही मीच, तेही लिहा. पण बाई, हरीण मी मारलेलं नाही. हे नाही, आणि आमच्या गावच्या भिंतीवर माझ्या नावाने लावलेल्यांतलंही एक नाही."